मी त्याला लागलो

माझ्या मुलाला शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी विचारलं होतं, "तुला उभं कुठे करणार आहेत?" तो म्हणाला, "सेफ्टी." मी मनात म्हटलं, देव पावला. मागे कुठेतरी सुरक्षित कोपऱ्यात उभं करणार असतील, धक्काबुक्की काय ती पुढची दांडगी पोरं करतील. नवऱ्यालाही तसंच सांगितलं आणि तोही बिचारा खूश झाला. पहिल्या मॅचला स्टँडमध्ये जाऊन बसलो तेव्हा उजेड पडला. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा आणि पुढच्यांना चुकवून जो कुणी बॉल घेऊन सुसाट सुटेल त्याला जीव खाऊन आडवा करणारा. सेफ्टी असते ती त्या शेवटच्या रेषेची, पोराची नव्हे. "कुणी ठेवलंय हे नाव, डोंबलाचं!" मी जोरात म्हणाले. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून हसली, तिला वाटलं मी टीमला चीअर करतेय.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. बॉल हातात, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि त्या सगळ्या चिलखताच्या भरवशावर एकमेकांच्या अंगावर जायचं. आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला राहतो. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं रोबोटिक्सला जातात, उरलेली टेनिसला. आमचंच ध्यान तेवढं वेगळं निघालं. मंडळाच्या गणपतीत एखादी तरी विचारायचीच, "अगं, तू परवानगी दिलीसच कशी?" मी काय सांगणार! दोन वर्षं घसा सुकेपर्यंत नाही म्हटलं, मग पोरगं सहा फूट झालं आणि माझं नाही त्याच्या खांद्याच्या खालून जायला लागलं. तरी एक सांगते, त्या पहिल्या मॅचनंतर मी एकही मॅच बसून पाहिलेली नाही. मला बसवतच नाही. मी कुंपणाच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असते. नवरा म्हणतो, यार, तू खेळाडूंपेक्षा जास्त पळतेस.

त्या शुक्रवारीही मी चालतच होते. समोर शेजारच्या गावातली शाळा होती. मॅच निम्मी उलटून गेली होती. त्यांच्या पोराने लांबून बॉल फेकला, मैदानाच्या मधोमध. तो झेलायला त्यांचा एक सडपातळ मुलगा उंच उडाला. दोन्ही हात वर, तोंड वर, सगळं लक्ष बॉलकडे. आणि बाजूने माझा आला.

आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला. ओट्यावरून भरलेला कुकर खाली पडावा तसा. तो मुलगा खाली आला तो पाठीवर, आणि त्याचा एक हात कोपरातून वर तसाच ताठ राहिला. बोटं आकडल्यासारखी. बाकी सगळं अंग सैल आणि तो एक हात तेवढा वर. मी आधी माझ्याच पोराकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. तो उठत होता. उठताना त्याच्या बुटाचं टोक त्या मुलाच्या दुसऱ्या हाताला लागलं. त्याबरोबर तो वाकला, दोन बोटं त्या मुलाच्या खांद्याला लावली आणि ती स्वतःच्या छातीशी नेली.

मी पाहिलं आणि त्या तशा अवस्थेतही माझ्या मनात आलं, शहाणं गं माझं बाळ ते.

तेवढ्यात रेफरीने खिशातला पिवळा रुमाल काढून जमिनीवर टाकला. रुमाल टाकला म्हणजे कुणीतरी काहीतरी नियमाबाहेर केलं. मला वाटलं, धडकेबद्दल टाकला. समोरच्या स्टँडमधून तर आरडाओरडा सुरू झाला होता, शिव्याच म्हणायच्या. माझ्या मुलाला मैदानाबाहेर काढलं. त्या मुलाच्या मानेला पट्टा बांधून त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा सगळी पोरं एका गुडघ्यावर बसली, माझाही बसला होता, बाहेरच्या बाजूला, एकटाच. नवरा कुठूनतरी बातमी काढून आला. धडक नियमात होती म्हणे. रेफरींनी आपसात बोलून ठरवलं की खांदा आधी लागला, डोकं नाही. रुमाल होता तो नंतरच्या गोष्टीबद्दल.

"कुठल्या नंतरच्या?" मी विचारलं.

"त्याने त्याला टॅप केलं आणि छाती ठोकून दाखवली ना. टाँटिंग. पडलेल्याला चिडवलं म्हणे."

माझं डोकंच फिरलं. छाती ठोकली? अरे, नमस्कार केला तो! पाय लागला म्हणून नमस्कार केला त्याने!

आता हे कुणाला कसं समजावणार? रांगत होता तेव्हापासून शिकवलंय. घरभर पळायचा, कुणाकुणाला पाय लावायचा, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाय लागला ना? नमस्कार कर!" तो आधी नुसता हात हलवायचा, मग नीट करायला लागला. पुस्तकाला पाय लागला की पुस्तकाला, दप्तराला लागला की दप्तराला. एकदा शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पाय लागला तेव्हा कुत्र्यालाही केला, आणि कुत्र्याने त्याचं तोंड चाटलं. मराठी बोलायचं सोडलं त्याने, वरणभातही सोडला, पण हे सुटलं नाही. विचार न करता हात जातो. त्या रात्रीही हात आपोआपच गेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती क्लिप सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. त्यांच्या स्टँडमधून कुणीतरी काढलेली. वर लिहिलं होतं की बघा, बेशुद्ध पोरासमोर कसा मिरवतोय. खालच्या कमेंट मी वाचायला नको होत्या, पण वाचल्या. कुणी कुठून आलास तिकडे परत जा म्हणत होतं. तो याच काउंटीतल्या हॉस्पिटलमध्ये जन्मलाय, परत जाऊन जाऊन कुठे जाणार, कपाळ! शनिवार असूनही दुपारी शाळेतून फोन आला. बुधवारी मीटिंग, तोपर्यंत प्रॅक्टिसला यायचं नाही, आणि मीटिंगमध्ये काय ठरेल त्यावर उरलेला सगळा सीझन अवलंबून. हे त्याचं शाळेचं शेवटचं वर्ष. कॉलेजात काही तो खेळणार नव्हता, तेवढा चांगला नाही तो, त्यालाही ते माहीत होतं. म्हणजे जे काही होतं ते एवढंच.

तिकडे तो मुलगा शुद्धीवर आला होता. मानेचं हाड शाबूत होतं. पण डोक्याला मार बसलेला, मेंदू हलला म्हणतात तसं. घरी सोडलं होतं, तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, उजेड सहन होत नव्हता, दोन वाक्यं सलग वाचता येत नव्हती. हे सगळं माझ्या मुलाला दोन्ही शाळांतल्या पोरांकडून कळत होतं. मी त्याला जेवायला बोलवलं तर तो आला आणि ताटाकडे बघत बसला.

"खा रे," मी म्हटलं. "बरा होईल तो. खेळात लागतंच. लागलं त्याला, वाईट झालं, पण तू काय मुद्दाम केलंस का?"

तो सहसा इंग्रजीतच उत्तर देतो. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, मराठीत बोलला. म्हणाला, "आई, मी त्याला लागलो."

मला हसू आलं, त्याही वेळी. "लागलो काय रे! असं नसतं. त्याला लागलं असं म्हणायचं."

"हो, पण कोण?"

"कोण म्हणजे?"

"कोण लागलं? तू सांग ना. त्याला लागलं, ओके. हू डिड इट?"

मी म्हटलं, "अरे, मराठीत त्यात कोण नसतं. नुसतंच लागतं. ठेच लागते, दार लागतं, तसं."

तो इंग्रजीत म्हणाला की हे फार सोयीचं आहे. आणि ताट तसंच टाकून वर निघून गेला. मला असा राग आला म्हणता! सकाळपासून मी त्याच्यासाठी जगाशी भांडतेय आणि हा मलाच टोमणे मारतोय. मी ती भाजी पुन्हा डब्यात भरली, ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. नवरा म्हणाला, बस जरा. मी म्हटलं, तू बस, तुला बसायला काय लागतं.

मग माझ्या अंगात संचारलं. मी क्लिप घेऊन बसले. त्या ताठ हाताच्या पुढून, जिथे माझा मुलगा उठतो तिथून सुरू करायची आणि जिथे तो बोटं छातीशी नेतो तिथे थांबवायची. मंडळातल्या दोघींना पाठवली, ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीला दाखवली. सगळ्यांनी एका क्षणात ओळखलं. "अय्या, हा तर नमस्कार करतोय!" मैत्रीण म्हणाली आमच्याकडेही असंच करतात. मग तर मला वकिलीच सुचायला लागली. अंघोळ करताना, गाडी चालवताना, लाल सिग्नलला, मी त्या मीटिंगची भाषणं करत होते. मागचा हॉर्न वाजवायचा तेव्हा कळायचं की सिग्नल हिरवा झालाय. एकदा मुलगा पाणी प्यायला खाली आला आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहून म्हणाला, "तू नेहमी तिथूनच का सुरू करतेस?" मी म्हटलं, कारण प्रश्न तेवढ्याचाच आहे. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, क्लिप मागे नेली आणि एका जागी थांबवून माझ्यासमोर धरली. तो मुलगा हवेत, आणि माझा धडकायच्या अगदी आधी. त्याच्या हेल्मेटचा वरचा भाग दिसत होता, तोंड दिसत नव्हतं.

"डोकं खाली आहे माझं," तो म्हणाला. "कोच पहिल्या दिवसापासून ओरडतात, डोकं वर, जिथे धडकणार तिथे बघा. मी खाली घातलं."

"अरे, क्षणभराची गोष्ट. आणि रेफरी म्हणाले ना, खांदा आधी लागला."

"हो," तो म्हणाला. "लागला." आणि फोन परत दिला.

बुधवारी मीटिंगला आम्ही तिघंही गेलो. समोर शाळेतल्या खेळांचे प्रमुख, एक व्हाइस प्रिन्सिपल बाई आणि कोच. कोच म्हणजे दणकट माणूस, आवाज कायम बसलेला. प्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितलं की प्रश्न धडकेचा नाहीच, ती क्लीन होती. प्रश्न वागणुकीचा आहे. जखमी मुलाला हिणवणं ही शाळेची पद्धत नाही. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं, हे माझ्यासाठी खूप झालं. मग मी उठले. म्हटलं, मी तुम्हाला दाखवते. नवरा शेजारी बसला होता. मी मुद्दाम माझ्या चपलेचं टोक त्याच्या बुटाला लावलं, वाकले, त्याच्या खांद्याला हात लावला आणि छातीशी नेला. मग सांगितलं की आमच्याकडे पाय दुसऱ्याला लागणं हा अपमान समजतात, चुकून लागला तरी, आणि लागला की लगेच माफी मागायची. तोंडाने नाही, अशी. लहान मूल बोलायच्या आधी हे शिकतं. माझा मुलगा चिडवत नव्हता, तो त्या मुलाच्या पाया पडत होता.

व्हाइस प्रिन्सिपल बाईंचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी दोन वेळा "ब्यूटिफुल" म्हटलं. खेळांचे प्रमुख क्लिप पुन्हा बघून मान हलवायला लागले, हो, हो, आता दिसतंय. सगळे असे काही सैल झाले की काय सांगू! कल्चरल मिसअंडरस्टँडिंग म्हणाले, आमच्याकडून चूक झाली म्हणाले, आजपासून प्रॅक्टिसला ये म्हणाले. त्या समोरच्या शाळेला आणि त्या मुलाच्या घरी आम्ही फोन करून हे समजावून सांगू, असंही कबूल केलं. बाईंना तर मुलाने शाळेच्या कल्चर डेला यावर बोलावं अशी कल्पना सुचली. माझी छाती अशी फुगली होती की बस. जिंकलो होतो आम्ही.

तेव्हा माझा मुलगा पहिल्यांदा बोलला. "आणि हिट?"

"त्याचं काय?" कोच म्हणाले.

"माझं डोकं खाली होतं, कोच."

मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. कोच मायेने म्हणाले, खरंच मायेने, की बाळा, ते आपण प्रॅक्टिसमध्ये सुधारू. धडकेबद्दल रुमाल पडला नाही ना? मग तो फुटबॉलचाच भाग. असं होतं. यात कुणाची चूक नाही. खेळांच्या प्रमुखांनीही मान डोलावली. बाई म्हणाल्या, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. सगळे उठले, सगळ्यांनी हात मिळवले.

गाडीत बसल्यावर नवरा खुशीत होता. म्हणाला, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या पाया पडलीस, तेही साक्षीदारांसमोर." मी हसले. किती दिवसांनी हसले. मी वळून पाहिलं तर मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

"झालं ना आता? सुटलास," मी म्हटलं.

तो इंग्रजीत बोलला, मी इथे मराठीत सांगते. म्हणाला, "आई, त्या सगळ्यात मी एकच गोष्ट बरोबर केली होती, त्याची माफी मागितली होती. तू मला तिच्यातून सोडवलंस."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. उत्तरं माझ्याकडे ढीगभर होती. घरी आल्यावर फुटली, सगळी नवऱ्यावर. ह्याला झालंय काय? सगळं मिटलं, सगळे गोड झाले, आणि हा उकरून काढतोय. नवरा एवढंच म्हणाला, "पाय लागला की नमस्कार कर असं तू शिकवलंस तेव्हा कधी विचारलंस का त्याला, मुद्दाम लावलास की चुकून?" मी म्हटलं, तू आता फिलॉसॉफी नको झाडूस. पण रात्रभर ते माझ्या डोक्यातून जाईना. खरंच नव्हतं विचारलं कधी. लागला ना, मग कर. तो रडत सांगायचा, मी नाही केलं, चुकून झालं, आणि मी म्हणायची, ते मला नको सांगू, आधी नमस्कार कर.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याने गाडीची किल्ली मागितली. त्या मुलाच्या घरी जाणार म्हणाला. पत्ता पोरांकडून मिळाला होता.

"कशाला? शाळेने फोन केलाय त्यांना."

"शाळेने दुसऱ्याच गोष्टीबद्दल केलाय."

"त्यांनी दारातून हाकललं तर? आरडाओरडा केला तर? कुणी परत फोनवर काढलं तर?"

"तर काढू दे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, जाऊ दे त्याला. जाऊ दे म्हणे! माझा जीव इकडे टांगणीला लागलेला आणि ह्यांचं जाऊ दे. मी म्हटलं, मग मी पण येते, एकटा जायचं नाही. आणि रिकाम्या हाताने आजाऱ्याला बघायला जातात का कुणी? थांब दहा मिनिटं. मी रवा भाजायला घेतला. काजू घातले नाहीत, न जाणो ॲलर्जी असली तर अजून एक खापर डोक्यावर यायचं. हात चालू होता आणि डोकं त्याहून जोरात. शिरा खाली लागला. वरचा वरचा काढून डब्यात भरला. तो दारात किल्ली घेऊन उभा होता.

गाडी तो चालवत होता आणि मी त्याला शिकवत होते. असं म्हण की जे झालं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. मी असं केलं, मी तसं केलं, यातलं काही बोलू नकोस. लवकर बरा हो म्हण. हसरा चेहरा ठेव, नको, हसरा नको ठेवूस. तो म्हणाला, "आई, प्लीज." मी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

दार त्या मुलाच्या आईने उघडलं. माझ्याच वयाची असेल. केस कसेतरी वर बांधलेले, पायात नुसते मोजे, हातात बर्फाची पिशवी. तिने माझ्या मुलाकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. त्या क्लिपमधून ओळखलं असणार. मी पुढे झाले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं, की आम्ही मुद्दाम भेटायला आलो, आणि ते जे त्याने केलं ते चिडवणं नव्हतं, आमच्याकडे पाय लागला की...

"हळू," ती म्हणाली. "आवाजाने त्याचं डोकं दुखतं."

ती अगदी खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "मला माहीत आहे. शाळेने सांगितलं. तो आदर होता. मला समजलं." तिच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. दार तिने अर्धंच उघडलं होतं आणि ते अर्धंच धरून उभी होती.

माझा मुलगा म्हणाला, "मी ते सांगायला नाही आलो. मी त्याच्या अंगावर डोकं खाली घालून आलो होतो. तसं येऊ नये हे मला माहीत होतं."

तिने विचारलं, "तो तुला बघत नव्हता, हे तुला दिसत होतं?"

मला आतून ओरडावंसं वाटलं, नाही म्हण. अरे, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात कुणाला काय दिसतं! नाही म्हण आणि चल घरी.

"हो," तो म्हणाला. "दिसत होतं. म्हणून मी अजून जोरात गेलो. बॉल सुटावा म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तरी बोललेच, राहवेना मला. खालच्या आवाजात का होईना, पण बोलले, की मॅम, लहान आहे तो, खेळाच्या ओघात झालं, त्याच्या मनात तसं काही नव्हतं, कुणाचीच चूक...

तिने बर्फाच्या पिशवीचा हात वर केला. "प्लीज," ती म्हणाली. "रेफरी, डॉक्टर, दोन्ही शाळा, सगळे मला एकच सांगतायत, की हे कुणीच केलेलं नाही. तो तिकडे अंधारात पडलाय, त्याला आपल्या कुत्र्याचं नाव आठवत नाही, आणि हे कुणीच केलेलं नाही. ह्याला बोलू द्या."

मग तो बोलला. फार नाही, तीन-चार वाक्यं. त्याचा आवाज फाटत होता, पण थांबला नाही. तिने मध्ये एकदाही 'असू दे' म्हटलं नाही, 'ठीक आहे' म्हटलं नाही, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही. मी डबा हातात धरून पायरीवर उभी होते.

त्याचं बोलणं संपल्यावर तिने माझ्या हातातून डबा घेतला. मग माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "आज त्याला भेटता येणार नाही. रविवारी दुपारी ये. हेच सगळं त्याला सांग. आणि एकटा ये."